बारा वाट्यांचा बटवा

स्वतःच्या लग्नात, बोहल्यावर उभं राहून, नवरीच्या गळ्यात मंगळसूत्र घालण्याआधी ते खिशातल्या तराजूवर तोलून पाहणारा नवरदेव तुम्ही कधी पाहिलाय का? मीही नाही. पण तो नवरदेव गेली अठरा वर्षं अमरावतीत माझ्या झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहतो, आणि ती नवरी मला हा प्रसंग दर दिवाळीला फराळासोबत वाढते.

"भटजी थांबले, सनईवाला थांबला, आन् हे आपले काटा स्थिर व्हायची वाट पाहून राह्यले," बेबीवहिनी सांगतात. "म्या मनात म्हटलं, बाई, आता मलेबी टांगते काय हा मानूस!"

वजन बरोबर निघालं. मंडपात बसलेल्या सोनाराने सुटकेचा निःश्वास सोडला आणि मग लग्न पुढे सरकलं.

हे किसनराव निमकर. वजनमाप खात्यातले निवृत्त निरीक्षक. खात्यात असताना अमरावती-अकोल्याच्या बाजारांत त्यांची जीप शिरली की भाजीवाले घाईघाईने पारडी पुसायला लागायचे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण ते फक्त खात्याला कळलं. निमकर साहेबांना अजून कोणी कळवलेलं नाही. पानाच्या डबीएवढ्या पत्र्याच्या डबीत घडी करून ठेवलेला छोटा सोनारी तराजू आजही त्यांच्या खिशात असतो. गिला वडा घेतला की आधी तराजूत, मग तोंडात. डॉक्टरांकडे गेले तर वजनकाट्यावर स्वतः उभं राहण्याआधी पिशवीतून दोन किलोचं प्रमाणित वजन काढून त्यावर ठेवतात. डॉक्टरांचा काटा शंभर ग्रॅम जास्त दाखवतो हे त्या दवाखान्यातल्या सगळ्या पेशंटांना त्यांनीच सांगितलं. त्या दिवशी पेशंट अर्धे बरे होऊन घरी गेले म्हणतात.

आणि त्यांचा एकच परवलीचा शब्द: पासंग. रिकाम्या तराजूचं एक पारडं दुसऱ्यापेक्षा किंचित खाली झुकलेलं असतं, तो पासंग. दिसायला काहीच नाही, पण गिऱ्हाइकाचं रोज थोडं थोडं जातं. किसनरावांना जगात सगळीकडे पासंग दिसतो. पुढाऱ्याचं भाषण ऐकलं, "पासंग हाय." नवा जावई पाहिला, "मानूस बरा हाय, पन जराकसा पासंग हाय." माझ्या झेरॉक्स मशीनचं झाकणसुद्धा त्यांनी एकदा उघडून, डोळा बारीक करून पाहिलं होतं.

तर असे हे किसनराव एका सकाळी दुकानात आले, स्टुलावर बसले आणि गंभीरपणे म्हणाले, "प्रकाशभाऊ, बिटकॉइनचा बटवा घेऊन राह्यलो. निवडाले मदत करा."

मी हातातला कागद मशीनमध्ये उलटा घातला.

"साहेब, तुम्ही? बिटकॉइन?"

"काहून? मी काय मानूस नाई?"

"पण कशाला? चहावाल्यापासून शेवग्याच्या शेंगावाल्या बाईपर्यंत सगळ्यांकडे ती चौकोनी ठिपक्यांची पाटी आहे. फोन दाखवला की पैसे गेले. मग हे कशाला?"

"त्यात नाव दिसते," किसनराव म्हणाले.

"कोणाचं?"

"पाठवनाऱ्याचं." एवढं बोलून ते माझ्या काउंटरची फळी सपाट आहे की नाही ते पाहू लागले. विषय संपला. साठी उलटलेला माणूस नाव लपवून कोणाला पैसे पाठवणार, यावर मी जो काही विचार केला तो इथे लिहीत नाही. बेबीवहिनी हे वाचतात.

मग ते खुलले. एका बिटकॉइनचे दहा कोटी तुकडे होतात आणि त्या एका तुकड्याला सतोशी म्हणतात, हे त्यांना अकोल्याच्या पुतणीने, प्रांजलीने, कुठल्याशा लग्नात सांगितलं होतं. प्रांजली घरी बसून परदेशातल्या कंपन्यांची कामं करते आणि तिचा थोडा मोबदला बिटकॉइनमध्ये येतो. मला सांगता सांगता किसनराव स्टुलावरून उठून उभे राहिले. "तोळा झाला. तोळ्याखाली मासा. माशाखाली गुंज. आन् हे सतोशी? गुंजेच्याही कितीतरी खाली! प्रकाशभाऊ, एवढं बारीक माप म्या उभ्या सर्विसमधी पाह्यलं नाई."

म्हणजे माणूस पैशाच्या नव्हे, मापाच्या प्रेमात पडला होता. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

भाव रोज वर-खाली होतो हे मी बजावलं. "म्हनूनच चहा-पानाचेच पैसे टाकाचे," ते म्हणाले. यावर सरकारला कर द्यावा लागतो हेही सांगितलं. "देऊ ना! सरकारचं मीठ खाल्लं हाय." झालं. माझी हरकत संपली आणि माझा आठवडा सुरू झाला.

आठवडाच म्हणायला हवा, कारण किसनरावांनी एकेक बटवा, म्हणजे बिटकॉइन ठेवायचं ॲप, आधी स्वतःच्या फोनवर आणि मग माझ्या फोनवर उतरवून, इकडून तिकडे सतोशी पाठवून, खात्याच्या पद्धतीने तपासला. गिऱ्हाईक आधार कार्डाची झेरॉक्स मागत उभं, आणि मी "साहेब, आले! दहा आले!" म्हणून ओरडतोय.

पहिला बटवा एका कंपनीचा होता. चकचकीत, मराठीत "नमस्कार" म्हणणारा. किसनरावांनी एकच प्रश्न विचारला. "याची किल्ली कोनाकडं राह्यते?"

मी वाचून सांगितलं, की कंपनीकडे.

"म्हंजे पोतं आपलं, गोदाम त्याहीचं आन् कुलूपबी त्याहीचं. एखाद्या दिवशी मालक गोदाम उघडाले आलाच नाई तं?" बाद.

दुसऱ्यात किल्ली आपल्याकडे होती. आम्ही एका गिला वड्याएवढी रक्कम पाठवून पाहिली, तर पाठवणावळ वड्याच्या चौपट! "पासंग!" किसनराव असे गरजले की रेशन कार्डाची झेरॉक्स काढायला आलेला एक सज्जन कार्ड न घेताच निघून गेला. "वड्याले ऑटो करून आनाचं काय?" मग आम्हाला कळलं, की बिटकॉइनचा एक हमरस्ता आहे, तो पक्का पण हळू आणि महाग, मोठी बचत हलवायला तोच बरा. आणि त्याच्या बाजूने लायटनिंग नावाची एक पायवाट आहे, तिथून चिल्लर क्षणात आणि जवळपास फुकट जाते. किसनरावांना दोन्ही वाटा एकाच बटव्यात हव्या होत्या: वरचा कप्पा रोजच्या चिल्लरीचा, खालचा बचतीचा.

तिसऱ्यात दोन्ही होतं, पण तो आतून कसा बनवलाय हे कंपनी कोणालाच पाहू देत नव्हती. "सीलबंद काटा म्या कधी पास केला नाई. ज्याले दाखवाची लाज वाटते त्याच्यात पासंग राह्यते." बाद. चौथं एक पेनासारखं यंत्र होतं, त्यात किल्ली कुलूपबंद ठेवायची. मोठ्या बचतीला उत्तमच. पण यंत्राची किंमत आमच्या एकूण ऐवजापेक्षा जास्त. "पावभर जिऱ्याले तिजोरी घ्याची काय?"

पाचवा मात्र सगळ्यात पास झाला. किल्ली आपल्याकडे, आतली बांधणी जगाला खुली, दोन कप्पे, पाठवणावळ नगण्य. मी टाळी वाजवायला हात उचलले.

"चिठ्ठी कुठी लिहाची?" किसनरावांनी विचारलं.

"कसली चिठ्ठी?"

"पैशासंग दोन शब्द लिहाले जागा पाह्यजे."

नव्हती. बाद! सहाव्यात जागा होती, पण मराठी लिहिलं की समोर नुसते चौकोन उमटत. बाद! मी वैतागलो. "साहेब, तुम्हाला पैसे पाठवायचेत की पत्र?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू माझ्याच पारड्याखाली काहीतरी चिकटलं असावं.

सातवा बटवा लागला. दुपारची वेळ होती. त्यांनी माझ्या समोर बसून मला दहा सतोशी पाठवले. माझा फोन टिंग वाजला. खाली मराठीत, एकही अक्षर न मोडता चिठ्ठी होती: "झेंडू ताजा हाय काय?"

"वाचा," ते म्हणाले. मी वाचलं. "पुन्हा वाचा." पुन्हा वाचलं. "माहं नाव दिसून राह्यलं काय कुठी?" नाव नव्हतं. किसनरावांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जसं त्यांनी मंगळसूत्र दुसऱ्यांदा तोललं होतं आणि पुन्हा बरोबर भरलं होतं.

आणि मग या गृहस्थाने तो बटवा फोनमधून पुसून टाकला!

"अहो!" मी किंचाळलो.

"बसा गुमान. काटा उलगडून पुन्हा जोडता आला पाह्यजे." बटवा उघडताना त्याने बारा इंग्रजी शब्द दिले होते. फोन हरवला, फुटला, तरी ते बारा शब्द त्याच क्रमाने नव्या फोनमध्ये घातले की बटवा जसाच्या तसा परत. आणि शब्द दुसऱ्याच्या हाती लागले तर बटवाही त्याचा. किसनरावांनी कागदावरून बघून एकेक शब्द भरला. बटवा उघडला. पैसे जागच्या जागी. त्यांनी आनंदाने दोन प्लेट गिला वडा मागवला, आणि एकेक वडा तोलून मला दिला.

बचतीच्या कप्प्याला नाव द्यायची सोय होती. त्यांनी लिहिलं: अकोला. मी समजलो, तिकडे प्लॉट बघतायत.

त्या दिवसापासून रोज सकाळी दहाला किसनराव दुकानात येत, घड्याळाकडे बघत आणि कोणाला तरी दहा सतोशी पाठवत. चिठ्ठी तीच, झेंडूची. कोणाला, म्हणून विचारलं की, "टेस्टिंग." मग पाच मिनिटं फोनकडे बघत बसत. काही येत नसे. फोन खिशात, तराजू खिशात, आणि स्वारी वर. असे तीन महिने.

आता वाट्यांकडे येतो.

ते बारा शब्द कागदावर ठेवायचे नाहीत, कागद जळतो, भिजतो. धातूवर कोरून ठेवा, असं किसनरावांनी कुठेतरी वाचलं. आपल्याकडे धातूवर कोरायचं म्हणजे काय? भांड्यांवर नाव टाकून घ्यायचं! ते जवाहर गेटच्या आत भांड्यांच्या दुकानात गेले, स्टीलच्या बारा वाट्या तोलून घेतल्या आणि नाव कोरणाऱ्यासमोर ठेवल्या. पहिल्या दोन वाट्यांपुरता मी साक्षीला होतो, मग मला दुकानाबाहेर उभं केलं. शब्द मी इथे बदलून लिहितोय. तशी शपथ घेतली आहे.

"नाव काय टाकू?" कोरणारा.

"अम्ब्रेला."

"आडनाव?"

"आडनाव नाई. फकस्त अम्ब्रेला. दुसरीवर ओनियन."

कोरणाऱ्याने यंत्र बंद केलं. "काका, हे कोनाच्या स्मरनार्थ हाय?"

"तू टाक बे!"

क्रम कळावा म्हणून किसनरावांनी घरी येऊन प्रत्येक वाटीच्या बुडाला खिळ्याने ठिपके ठोकले; पहिलीला एक, बारावीला बारा. वर्षानुवर्षं वजनांवर मोहर ठोकलेला हात तो. मग बारा वाट्या फडताळात मांडल्या आणि कागद जाळून टाकला. "एका पत्र्यावर सगये शब्द म्हंजे एका चोराचं काम," ते मला म्हणाले. "बारा वाट्या कोन चोरते?"

चोर नाहीच आला. भुलाबाई आली.

भुलाबाईचे दिवस म्हणजे गल्लीतल्या पोरींनी घरोघर गाणी म्हणायची आणि झाकलेल्या वाटीत खिरापत काय आहे ते ओळखायचं. शेवटच्या दिवशी पोरी बेबीवहिनींकडे होत्या, आणि वहिनींनी या वर्षी खिरापत थाटात, कोऱ्या करकरीत स्टीलच्या वाट्यांतून गल्लीभर धाडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी किसनराव गच्चीवर टाकीचं झाकण सपाट बसतं का, ते फोनमधल्या पातळीच्या ॲपवर बघत होते. झाकण सपाट नव्हतं. त्याचा पुरावा म्हणून फोन घसरून टाकीत गेला.

पण किसनराव हसतच खाली आले. "घ्या, आता खरी परीक्षा! नवा फोन घेतो, बारा शब्द घालतो," म्हणत फडताळ उघडलं. फडताळात हिंग होता.

"बेबी! वाट्या?"

"वाटल्या," वहिनी म्हणाल्या.

पुढचा संवाद मी दुकानातून ऐकला. राजापेठेतही ऐकू गेला असेल. शेवटी वहिनींचा आवाज खाली आला. "लग्नाले चौतीस वर्सं झाले. पयल्यांदा न मागता काही आनलं तुमी. मले वाटलं, माह्यासाठी आनल्या." अम्ब्रेला ही वाटीच्या कंपनीचीच खूण असेल असं वहिनींना वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर कोणालाही वाटलं असतं.

किसनराव पिशवी घेऊन निघाले. मी दुकानाचं शटर ओढलं आणि मागे निघालो. काम सोपं होतं: दारोदार जायचं, बारा वाट्या आणायच्या. पण तुम्हाला आमची गल्ली माहीत नाही. शेजारून आलेली वाटी आमच्याकडे कोणी रिकामी परत देत नाही.

"रिकामी देऊ?" समोरच्या मोहोडबाईंनी पदर तोंडाला लावला. "लोक काय म्हनतील मले? थांबा, दान्याची चटनी कुटते."

"बाई, मले रिकामीच पाह्यजे."

"असं कसं हो साहेब! बसा, अर्धा तास लागते."

खरं कारण सांगायची सोय नव्हती. दुपारपर्यंत बातमी पसरली, की निमकर साहेबांच्या वाट्या वजनात कमी भरल्या म्हणून ते परत गोळा करतायत, दुकानदारावर केस होणार. मग लोकांनी उत्साहाने सहकार्य केलं, पण रिकामी वाटी कोणीच दिली नाही. एका वाटीत एक गृहस्थ दाढीचा साबण फेसत होते. त्यांनीही ती विसळून वर चार खारका घालून दिली. संध्याकाळी किसनरावांच्या ओट्यावर अकरा वाट्या होत्या आणि त्यांत चटणी, लोणचं, चिवडा, मुरमुऱ्याचे लाडू. बेबीवहिनींनी दोन दिवस स्वयंपाक केला नाही.

अकराच. नऊ ठिपक्यांची वाटी गायब. मोहोडबाईंना वहिनींनी दोन वाट्या दिल्या होत्या, एक त्यांना आणि एक माहेरपणाला आलेल्या लेकीला. लेक सकाळच्या बसने तिवशाला सासरी गेली. वाटीसह.

"फोन लावू," मी म्हटलं. "तिला वाटीवर काय लिहिलंय ते वाचायला सांगू."

"फोनवर?" किसनरावांनी अशा चेहऱ्याने विचारलं, जसं मी चौकात माइक लावून वाचतो म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्कूटरवर आम्ही नागपूर रस्त्याला लागलो. दहा वाजले तसे मागच्या सीटवरून त्यांनी माझ्या खांद्यावर बोटं रोवली. "थांबवा." रस्त्याच्या कडेला संत्र्यांचा ढीग लावून एक बाई बसली होती. किसनरावांनी तिच्या काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा मला भीती वाटली.

"दोन दिवस झाले," ते म्हणाले. "दहाचं गेलं नाई."

"साहेब, दहा सतोशींचं काय एवढं? नवा बटवा उघडू. बचतीत पण फार काही नसेल."

"पत्ता बदलेल ना! नव्या बटव्याचा पत्ता नवा. त्यानं एखाद्या दिवशी काही धाडलं, तं ते जुन्या पत्त्यावर जाईल. मंग?"

"त्याने म्हणजे?"

संत्रं सोलत, एकही फोड तोंडात न घालता, त्यांनी सांगितलं. धाकटा भाऊ शंकर. अकोल्यात, मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात फुलांचं दुकान. वडिलांचा मळा त्यानेच सांभाळला, म्हणून किसनराव शिकले, साहेब झाले. अकरा वर्षांमागे अकोल्यात तपासणी होती. एकामागून एक काटे धरत ते शंकरच्या दुकानासमोर आले. शंकरच्या तराजूत पासंग निघाला.

"तो म्हने, दादा, झेंडू ओला हाय, पारड्याखाली पान चिकटलं असंन, झटकून पाह्य. बाजार पाहून राह्यला होता, प्रकाशभाऊ. मले वाटलं, झटकलं तं लोक म्हनतील भाऊ हाय म्हनून सोडला." त्यांनी फोडीवरची एक शीर ओढून काढली. "नाई झटकलं. काटा जप्त केला."

तेव्हापासून अबोला. फोन लावला तर शंकर कट करायचा. यूपीआयवर दिवाळीची भेट पाठवली, नाव पाहून त्याने ती परत केली आणि नंबर बंद करून टाकला. मग त्या लग्नात प्रांजली म्हणाली, काका, बाबांच्या फोनमध्ये मी एक बटवा टाकून दिलाय, त्यात पाठवणाऱ्याचं नाव दिसत नाही.

"आन् हे काही बोलनं नव्हे," किसनराव मला समजावू लागले. "अबोला अबोल्याच्या ठिकानी. हे पेमेंट हाय. त्याले मोडल्यासारखं वाटत नाई, मलेबी नाई. माहा पत्ता प्रांजलीनं त्याच्या फोनात ठेवला हाय. नाव नाई टाकलं, झेंडूचं चित्र टाकलं."

"आणि बचतीत अकोला?"

"नवा काटा घ्याचा हाय त्याच्यासाठी. त्यानं बोलावलं तं घेऊन जाईन."

मी स्कूटर अशी हाणली की तिवसा आलेलं मलाच कळलं नाही.

तिवशाला मोहोडबाईंच्या लेकीची सासू दारातच होती. वाटी समोर फळीवर चमकत होती. किसनरावांनी हात पुढे केला आणि म्हातारीने वाटी मागे ओढली. "सुनेच्या माहेराहून पयल्यांदा वाटी आली. रिकामी धाडू? शिरा टाकते. बसा."

शिरा झाला. आम्ही खाल्ला. पुन्हा झाला, वाटीत भरला. परतीच्या वाटेवर किसनराव ती ऊन ऊन वाटी दोन्ही हातांत धरून, कोरलेला शब्द माझ्यापासूनही तळहाताने झाकून बसले होते. हात भाजत होते, पण सोडली नाही.

दुकानात शटर अर्धं ओढलं. मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मागे वाट्यांचा किणकिणाट, मग बोटाची टकटक, मग शांतता. मला कॅलेंडरवरची एकादश्यांची सगळी यादी पाठ झाली.

"उघडलं!"

मी वळलो. अहो काय सांगू! अकरा चटण्या-लोणची आणि एक शिरा यांच्या मधोमध, निमकर साहेब नवा फोन आरतीच्या ताटासारखा धरून उभे होते. पैसे जागच्या जागी. अकोला जागच्या जागी. मी त्यांना मिठी मारली. अठरा वर्षांत पहिल्यांदा. त्यांनीही मारली आणि मी हल्ली दोन किलोने वाढलोय असं सांगितलं.

दुपारचे तीन वाजले होते. त्यांनी दहा सतोशी पाठवले. चिठ्ठी तीच. मग स्टुलावर बसून सवयीने पाच मिनिटं फोनकडे पाहू लागले. मी मशीन चालू करायला वळलो.

टिंग.

मी माझा फोन पाहिला. माझा नव्हता.

किसनरावांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि फोन माझ्यापुढे धरला. "वाचा."

चिठ्ठी होती: "दोन दिस काहून आला नाई? तब्येत बरी हाय ना?"

"पुन्हा वाचा."

पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा न सांगता वाचलं. मग त्यांनी फोन घेतला आणि आकड्यावर बोट ठेवलं. "दहा धाडले होते. अकरा आले."

"चुकून एक जास्त टाकला असेल."

"फुलवाला मापात चुकत नाई, प्रकाशभाऊ," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच प्रमाणित राहिला नाही. "झुकतं माप दिलं लेकानं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने ते अकोल्याला निघाले. बेबीवहिनी सोबत होत्या, हातात एक वाटी, अर्थातच भरलेली. त्यावर वहिनींचं स्वतःचं नाव. बारा वाट्यांच्या बदल्यात त्याच दुकानातून आदल्या संध्याकाळी किसनरावांनी आणलेली, न मागता. जाताना ते दुकानाशी थांबले. खिशातून पत्र्याची डबी काढली आणि माझ्या काउंटरवर ठेवली.

"हे ठेवा तुमच्यापाशी. तिकडं याचं काम नाई."

दुपारी बाराच्या सुमारास माझा फोन वाजला. नाव नव्हतं. अकरा सतोशी आले होते. खाली चिठ्ठी:

"झेंडू ताजा हाय."